हँडल सरळ झालं, पण चिमट्याचं काय?

पुढून धडक बसलेल्या मोटरसायकलचा चिमटा (पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारे शॉकचे दोन पाय) वाकलाय की नाही हे कसं ओळखायचं, असा प्रश्न धडकेच्या आधी कुणालाच पडत नाही. नंतर पडतो तेव्हा जो तो वेगळं सांगतो. कुणी म्हणतं चालवून बघ, कळेल. कुणी म्हणतं चाक दोन गुडघ्यांत धर आणि हँडलला हिसका दे. कुणी म्हणतं कशाला विषाची परीक्षा, अख्खा चिमटाच बदल. हे सगळं ऐकून, त्यातलं काही करून आणि काही नाकारून माझी गाडी आता पुन्हा रस्त्यावर आली आहे. मधल्या काळात जे शिकायला मिळालं ते क्रमाने लिहून ठेवते.

रविवारी सकाळी डावीकडच्या गल्लीतून एक चारचाकी न थांबता बाहेर आली. दोन्ही ब्रेक दाबले, वेग बराच उतरला, पण जागा पुरली नाही. पुढचं चाक तिच्या मागच्या दारावर आदळलं. मी उडाले वगैरे नाही. गाडी उजवीकडे कलंडली आणि मी कशीबशी पायांवर उभी राहिले. गुडघ्याला मुका मार लागला, हात थरथरत होते. चालक भला माणूस होता, वाद घातला नाही. दोघांनी एकमेकांच्या गाड्यांचे, नंबरप्लेटचे, कागदपत्रांचे फोटो घेतले. पुढे सर्वात उपयोगी पडलेला फोटो मात्र एका बघ्याने सुचवला होता: गाडी सरळ उभी करून बाजूने, पुढचं चाक आणि इंजिन एका चौकटीत येतील असा. दोन्ही बाजूंनी काढा. तेव्हा त्याचं महत्त्व कळत नाही.

गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली. पण चाक सरळ धरलं की हँडल डावीकडे बघत होतं, मडगार्डला तडा गेला होता आणि एबीएसचा (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला होता. आजूबाजूच्यांचं मत एकच, 'हळूहळू न्या घरापर्यंत'. मी टेम्पो बोलावला. हा भित्रेपणा वाटू शकतो, पण विचार सरळ होता. चिमटा मागे गेला असेल तर चाक आणि रेडिएटर यांच्यातली जागा कमी झालेली असते. नुसतं ढकलताना चाक कुठे लागत नाही म्हणून काही सिद्ध होत नाही. जोरात ब्रेक लावला की चिमटा खाली दबतो, चाक वर आणि मागे येतं, आणि नको तिथे घासतं. ते रस्त्यात कळून काय उपयोग? शिवाय ब्रेकची नळी पिळली गेली आहे का, एक्सल (चाकाचा आस) हलला आहे का, हे तिथे उभ्या उभ्या नीट कळत नाही. तुम्हाला जागेवर काही बघायचंच असेल तर एवढं बघा: हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळतं का, वळताना कुठली वायर किंवा नळी ताणली जाते का, चाक मोकळं फिरतं का, आणि पाइपावर तेलाचा ओघळ आहे का. यातलं एक जरी बिनसलेलं असेल तर चालवायचं नाही. सगळं ठीक दिसलं तरी मी चालवली नसती.

सोमवारी विमा कंपनीला कळवलं. फोनवर तक्रार क्रमांक मिळाला, मग अर्ज, त्यासोबत लायसन्स, नोंदणी पुस्तिका आणि पॉलिसीच्या प्रती. फॉर्मवर 'अपघात कसा घडला' यासाठी जेमतेम तीन ओळी जागा असते. तिथे कथा लिहू नका, पण धडकेची दिशा जरूर लिहा. 'समोरून, पुढच्या चाकावर' हे तीन शब्द पुढे चिमट्याच्या दाव्याला आधार देतात. सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत गाडीचा एकही बोल्ट सोडायचा नाही, असं पलीकडून बजावलं गेलं. सर्व्हेअर गुरुवारी येणार होता.

मधल्या दिवसांत दोन ठिकाणी विचारून आले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवरच्या मुलाने गाडीचे फोटो पाहिले आणि जागेवरच अंदाजपत्रक छापून दिलं. पूर्ण चिमटा, वरची टी, खालची टी (चिमट्याचे दोन्ही पाय एकत्र धरणारे आडवे भाग), चाक, मडगार्ड, सगळं नवं. गाडी न बघता. आकडा बघून मी तो कागद घडी करून पिशवीत टाकला. दुसरीकडे, नेहमीचे मेकॅनिक काका येऊन बघून गेले आणि म्हणाले, "ताई, काही नाही झालेलं. चिमटा टीमध्ये फिरलाय नुसता. सर्व्हे होऊ द्या, दहा मिनिटांत सरळ करून देतो." एकीकडे सगळंच गेलं, दुसरीकडे काहीच नाही. दोघांपैकी एकानेही काही मोजलं नव्हतं. माझी चिडचिड त्यावर होती.

काकांचं म्हणणं मात्र निराधार नव्हतं, आणि हे समजून घेणं गरजेचं आहे. साध्या टेलिस्कोपिक चिमट्यात दोन पाइप वरच्या आणि खालच्या टीमध्ये नुसते क्लॅम्प केलेले असतात. बोल्ट आवळून धरलेले. खाली त्यांना एक्सल जोडतो. चाकावर तिरका मार बसला की पाइप न वाकता एक थोडा पुढे, एक थोडा मागे सरकून क्लॅम्पमध्ये पिळले जातात. तेव्हा चाक सरळ आणि हँडल वाकडं दिसतं. खालच्या टीचे आणि एक्सलचे बोल्ट सैल करून, सगळं सरळ करून पुन्हा आवळलं की प्रश्न मिटतो. काही गाड्यांत तर चिमटा जागच्या जागी असतो आणि हँडलच्या क्लॅम्पखालचे रबरी बुशच सरकलेले असतात. तेव्हा वाकडं हँडल दिसलं म्हणजे चिमटा वाकला असं नाही. पण याची उलट बाजूही तितकीच खरी, आणि ती कुणी सांगत नाही: पीळ काढून हँडल सरळ झालं म्हणजे पाइप सरळ आहेत असंही नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकाच धडकेत दोन्ही होऊ शकतात.

गुरुवारी सर्व्हेअर आला. चासी नंबरचा फोटो, मीटरचा फोटो, मोडलेल्या भागांचे फोटो. तो यादी करत असताना मी विनंती केली की चिमटा, कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) आणि चासीसमोर 'उघडल्यानंतर तपासणी' असं लिहावं. त्याने काही न बोलता लिहिलं. हे आवर्जून करून घ्या. बाहेरून जे दिसत नाही ते पहिल्या यादीत येत नाही, आणि यादीत नसलेलं नंतर मागायला गेलात की प्रत्येक ओळीला 'हे तेव्हा का नाही सांगितलं' ऐकावं लागतं. ही एक ओळ असली की पुरवणी अंदाजपत्रकाला दार उघडं राहतं.

त्याच संध्याकाळी दादाला बोलावलं आणि पार्किंगमध्ये तपासणीला बसलो. गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली जॅक, पुढचं चाक अधांतरी. बोल्ट न सोडता होणाऱ्या तपासण्या आधी घेतल्या.

पहिली कोनसेटची. हँडल दोन बोटांनी, अगदी सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. बरोबर मध्यावर आलं की ते किंचित अडकून 'बसत' होतं. जणू चाकाला तिथेच थांबायचं आहे. समोरून धक्का बसतो तेव्हा चाक सरळ असतं, त्यामुळे बेअरिंगच्या गोळ्या त्याच जागी वाटीत रुतून खळगे पाडतात. पुढे चालवताना गाडी सरळ रेषेत बारीक बारीक डुलते ती यानेच. मग दादाने गाडी धरली, मी चिमट्याची दोन्ही खालची टोकं हातात धरून पुढे-मागे ओढली. खुट्ट आवाज किंवा ढिलेपणा नव्हता. पण मध्यावरचं अडकणं पुरेसं होतं. कोनसेट गेला, हे नक्की झालं.

मग चाक. चिमट्याच्या पायाला प्लास्टिकचा एक टाय आवळून त्याचं टोक रिमपासून केसभर अंतरावर येईल असं कापलं आणि चाक फिरवलं. टोक आणि रिम यांच्यातली फट कमी-जास्त होते का एवढंच बघायचं. माझ्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बाजूला आणि वर-खाली दोन्हीकडे २ मिमी ही कमाल मर्यादा आहे. माझी फट डोळ्याला बदललेली जाणवलीच नाही. अलॉय चाक असल्यामुळे नंतर पुसून, टॉर्चच्या तिरक्या उजेडात प्रत्येक आरीच्या मुळाशी तडा आहे का तेही पाहिलं. स्पोकचं चाक असेल तर एकेका स्पोकवर पान्याने टिचकी मारा. सैल किंवा तुटलेला स्पोक बोदा वाजतो. सर्व्हिस सेंटरच्या कागदावरचं नवं चाक इथे बाद झालं. एबीएसच्या दिव्याचं कारणही इथेच सापडलं, सेन्सरची वायर मडगार्डच्या तुटलेल्या तुकड्याखाली दबून सोललेली होती.

जॅक काढून, पुढचा ब्रेक धरून हँडलवर वजन टाकलं. सुरुवातीला चिमटा मऊ खाली गेला. दोघांनी मिळून खोल दाबला तेव्हा एका जागी तो अडखळला आणि वर येतानाही तिथे जरा रेंगाळला. दादा म्हणाला, सील (तेल बाहेर येऊ न देणाऱ्या रबरी कड्या) कोरडे असतील. असू शकतात. पण सील कोरडे असले तर सगळीकडे चिकटतं, एकाच खोलीवर नाही.

आता काच. ही जुनी युक्ती आहे आणि खर्च शून्य. जाड, सपाट, कडा घासलेल्या काचेचा एक तुकडा घ्यायचा, दोन्ही पाइपांवर आडवा पुरेल एवढा. खालची टी आणि धुळीचा सील यांच्या मध्ये चकचकीत पाइपाचा जो भाग उघडा असतो, त्यावर समोरून ही काच टेकवायची. पाइप एका पातळीत असतील तर काच चारही जागी टेकते. नसतील तर एक कोपरा दाबला की समोरचा उचलतो आणि 'टक्' असा आवाज येतो. हातमोजे घाला, आणि पाइप आधी पुसा; वाळलेल्या चिखलाचा एक कण सुद्धा खोटी टक्‌टक् देतो. उलट्या चिमट्याच्या गाड्यांत जाड नळी वर असते आणि पातळ पाइप खाली, त्यामुळे काच वरच्या नळ्यांवर लावावी लागते. नळ्यांचा व्यास सगळीकडे सारखा नसेल तर सारख्याच भागावर. आमची काच चांगली टकटकली. म्हणजे पीळ होता, काका बरोबर होते.

शनिवारी काका आले. खालच्या टीचे बोल्ट, एक्सल आणि मडगार्डचे बोल्ट सैल केले, चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरवलं, चिमटा दोन-चार वेळा दाबला, बोल्ट आवळले. हँडल समोर बघायला लागलं. मी काच पुन्हा लावली, सीलच्या जरा वर. चारही कोपरे टेकले. काका हसले, "बघा. चालवा आता बिनधास्त."

इथे मी जवळजवळ पटवून घेतलंच होतं. फक्त ते अडखळणं डोक्यातून जात नव्हतं. म्हणून रविवारचा तो बाजूने काढलेला फोटो उघडला. त्यात चाक जरा मागे गेल्यासारखं वाटत होतं, पण फोटोवरून खात्री होईना. दादाच्या ऑफिसातल्या एकाकडे हेच मॉडेल, याच मापाचे टायर. त्याला फोन करून गाडी मेन स्टँडवर घ्यायला आणि टायर व रेडिएटरची जाळी यांच्यातलं सर्वात कमी अंतर पट्टीने मोजून सांगायला सांगितलं. मग आमचं मोजलं, तसंच, चाक अधांतरी ठेवून. आमच्याकडे सेंटिमीटरभर कमी.

काच याबाबत फसवते, आणि ते समजलं की मग राग येत नाही. ती दोन पाइप एकमेकांच्या तुलनेत कसे आहेत एवढंच सांगते. समोरून सरळ धडकेत दोन्ही पाइप सारखेच मागे वाकले, तर वाकल्याच्या खाली ते एकमेकांना समांतरच राहतात आणि काच निमूट टेकते. वाकण्याची जागा बहुतेक वेळा ठरलेली असते: खालच्या टीच्या लगेच खाली. टीने पाइप घट्ट धरलेला असतो आणि खालून चाक त्याला मागे लोटतं, त्यामुळे सगळा ताण तिथेच येतो. म्हणून काच लावून झाली की स्टीलची छोटी सरळ पट्टी घ्या आणि प्रत्येक पाइपावर उभी लावा, टीपासून खाली. मागे वाकलेल्या पाइपाला पुढून फुगवटा असतो, तिथे पट्टी डुलते. मागून लावली तर मधोमध फट पडते. पलीकडे टॉर्च धरला की त्या फटीतून उजेडाची रेघ दिसते. आमच्या दोन्ही पाइपांमागे ती दिसली. केसाएवढी बारीक, पण वरपासून खालपर्यंत सारखी नाही, मध्ये जाड आणि टोकांना पुसट.

काकांनी पट्टी हातात घेतली, स्वतः बघितलं, मग गप्प बसून चाक सोडायला लागले. ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग) सोडून बांधून ठेवला (नळीवर लोंबकळत ठेवायचा नसतो), एक्सल काढला, चाक बाजूला केलं. मग डाव्या पाइपाचे दोन्ही टीमधले बोल्ट सैल करून त्यांनी पाइप जागच्या जागी गोल फिरवला. सरळ पाइप असता तर खालचं टोक जागेवर फिरलं असतं. आमचं टोक हवेत गोल काढत होतं, चांगलं सेंटिमीटरभर बाहेर जाऊन परत आत. उजव्याचंही तेच. यापुढे वाद घालायला काही उरलं नाही. "ताई, हे मी तुम्हाला चालवा म्हणालो होतो," एवढंच ते म्हणाले. मोकळ्या मनाचा माणूस. ही तपासणी अवघ्या काही मिनिटांची आहे, चाक उतरवलेलंच असेल तर कुठल्याही मेकॅनिककडून करून घ्या.

पण विम्यासाठी 'फिरवून पाहिलं' पुरत नाही, आकडा लागतो. काकांनी चिमटा उघडून पाइप काढले. तेल काळसर होतं आणि त्यात बारीक चमक होती, बुश घासल्याची. पाइप घेऊन आम्ही एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) पाइप आडवा ठेवला, वरून डायल गेजची (बारीक फरक तबकडीवर दाखवणाऱ्या मापकाची) सुई टेकवली आणि पाइप सावकाश फिरवला. डाव्याला सुई एकूण ५.२ मिमी फिरली, उजव्याला ५. इथे एक बारकावा आहे: पाइप प्रत्यक्षात जेवढा वाकलाय त्याच्या दुप्पट सुई फिरते, म्हणून वाचलेल्या आकड्याचा अर्धा धरायचा. म्हणजे २.६ आणि २.५. मॅन्युअलमधली मर्यादा ०.२ मिमी, अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हाच आकडा सापडतो. त्याने कागदावर दोन्ही आकडे, पाइपाची बाजू आणि तारीख लिहून सही करून दिली. एक्सल काचेवर लाटून पाहिला, डुगडुगला नाही. तो वाचला.

लेथवाल्याने प्रेसवर पाइप सरळ करून द्यायची तयारी दाखवली. खर्च नव्या पाइपांच्या मानाने किरकोळ. सरळ करणारे लोक आहेत, करून घेणारेही आहेत, आणि त्यांच्या गाड्या चालतातही. मी नाही म्हटलं. माझ्या मॅन्युअलमध्ये वाकलेला पाइप सरळ करू नका, तो धोकादायक रीतीने कमकुवत होतो, असं स्पष्ट लिहिलं आहे. एकदा वाकून पुन्हा उलटा वाकवलेला धातू पहिल्यासारखा राहत नाही. वरचा क्रोमचा थर कडक असतो, त्याला डोळ्याला न दिसणारे तडे जाऊ शकतात. तिथून गंज आणि मग सील कापला जाणं. मागचा शॉक मोडला तर निदान गाडी घासत थांबते. पुढचा पाइप तुटला तर काय होतं हे मला प्रयोग करून बघायचं नव्हतं.

चासीची काळजी सर्वात जास्त होती, कारण ती गेली असती तर बाकी सगळं निरर्थक. टाकी उतरवून गळ्याभोवतीचा भाग, जिथे कोनसेट बसतो, तो रॉकेलने पुसला. रंगाला बारीक सुरकुत्या, उडालेला पापुद्रा, वेल्डिंगच्या कडेने रेघ, खाली उतरणाऱ्या नळीवर उमटलेली लाट, यातलं काही आहे का ते बोट फिरवून पाहिलं. धातू दबला की रंग आधी बोलतो. काही नव्हतं. हँडल थांबवणारे स्टॉपर शाबूत होते, टाकीवर चिमट्याचा ओरखडा नव्हता. चिमटा जोडल्यावर दोरीची तपासणीही केली: मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकवून दोऱ्या सरळ पुढे ताणायच्या, पुढचा टायर अरुंद असतो, तेव्हा दोन्ही बाजूंची फट सारखी यायला हवी. आली. ही तपासणी ढोबळ आहे, चासीवर शंका असेल तर मोजमापाचं जिग असलेल्या ठिकाणीच जा.

सोमवारी पुरवणी अंदाजपत्रक टाकलं: दोन पाइप, बुश, तेलाचे आणि धुळीचे सील, कोनसेट, मडगार्ड, सेन्सर. सर्व्हेअर दुसऱ्यांदा आला तो फक्त काढलेले पाइप बघायला. जुने भाग जपून ठेवा, टाकून दिलेत तर दावा तिथेच संपतो. त्याने लेथवाल्याचा कागद वाचला, फोटो घेतला आणि दोन्ही पाइप मंजूर केले. पूर्ण चिमट्याचा दावा मी केलाच नव्हता. केला असता तर तो अडकला असता असं त्यानेच जाता जाता सांगितलं. खालचे बॉटम (पाइप ज्यांत सरकतात त्या खालच्या जाड नळ्या) आणि टी सुस्थितीत असताना पूर्ण जोडी मंजूर होत नाही. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर घसारा कापला गेला, चिमट्याचं तेल माझ्या पॉलिसीत बसत नव्हतं, आणि ठरलेली किमान रक्कम माझ्या खिशातून. तरीही सर्व्हिस सेंटरच्या त्या घडी घातलेल्या कागदाच्या तुलनेत एकूण बिलच खूप कमी झालं होतं. त्यातला निम्म्याहून मोठा वाटा एकट्या दोन पाइपांचा.

मग पाइपांची वाट. सर्वात कंटाळवाणा भाग हाच. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत पाइपाचा भाग क्रमांक बदलतो, एबीएस असलेल्या-नसलेल्यांत बॉटम बदलतो. मागवताना चासी नंबर द्या आणि आलेला पाइप जुन्याशेजारी ठेवून लांबी, व्यास आणि खाचा जुळतात का बघूनच पाकीट फाडा.

पाइप आले तेव्हा त्यांचाच उपयोग टी तपासायला झाला. नवा सरळ पाइप खालच्या टीतून वर सरकवत वरच्या टीत न्यायचा. हाताने, न ठोकता गेला पाहिजे. दोन्ही बाजूंनी गेले. कुठे हातोडी लागली असती तर टी किंवा तिचा दांडा वाकलाय असं समजायचं. कोनसेटच्या दोन्ही वाट्या बदलल्या. नुसत्या गोळ्या बदलून जुन्या खळग्यांत घालण्यात अर्थ नाही.

तेल भरताना काकांचा हात मापट्याकडे गेला. मी मॅन्युअलचं पान पुढे केलं. किती ओतलं यापेक्षा आत किती उंचीवर उभं राहिलं हे महत्त्वाचं असतं. स्प्रिंग बाहेर काढून, पाइप पूर्ण दाबून, वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. दोन्हीकडे सारखं. जोडताना क्रमही महत्त्वाचा: आधी एक्सल आवळायचा, मग गाडी खाली घेऊन ब्रेक धरून चिमटा काही वेळा दाबायचा, म्हणजे पाय आपोआप आपल्या जागी बसतात, आणि शेवटी एक्सलच्या क्लॅम्पचा बोल्ट. उलट क्रमाने आवळलं तर नवे पाइप तिरके बसून पहिल्या दिवसापासून घासतात. टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) काकांकडे नव्हता, लेथवाल्याचा आणला. कॅलिपर बसवल्यावर ब्रेकचा लिव्हर कडक होईपर्यंत दाबला. हे विसरून गाडी काढली तर पहिला ब्रेक लागतच नाही.

काच पुन्हा लावली, पट्टी लावली. रेडिएटरपासूनचं अंतर त्या दुसऱ्या गाडीइतकं आलं. मोकळ्या रस्त्यावर आधी चालण्याच्या वेगाने, मग जरा जास्त, मग ब्रेक लावून. गाडी कुठल्याही बाजूला ओढत नव्हती. पहिले काही दिवस ब्रेक मारताना पोटात गोळा यायचा, तो चिमट्याचा दोष नव्हता. दर वळणावर गल्लीकडे बघत राहायची सवय अजून आहे.

आठवडाभर चालवून गाडी पुन्हा काकांकडे नेली. नवा कोनसेट बसून थोडा सैल झाला होता, ब्रेक लावताना हँडलमध्ये हलका टकटक आवाज येत होता. त्यांनी वरचा नट अंदाजे पाव फेरा आवळला, हँडल सोडून चाक दोन्ही बाजूंना आपोआप पडतं का ते पाहिलं आणि एक्सल व टीच्या बोल्टांवरून रेंच फिरवला. पाइप कोरडे होते, सीलवर तेलाचा डाग नव्हता. या फेरीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. विम्याची रक्कम त्याच्या पुढच्या आठवड्यात खात्यात जमा झाली.